थार देऊन जुनी जीप घ्यायची म्हणतेस?

मनू, तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज भाकऱ्या थापता थापता पूर्ण ऐकला. फलटणकडचा तो माणूस त्याची एमएम ५४० द्यायला तयार आहे, वर थोडी रोखही देतोय, आणि बदल्यात त्याला तुझी थार हवी आहे. तुला माझ्याकडून काय ऐकायचंय ते मला चांगलं ठाऊक आहे. 'घेऊन टाक' असं मी म्हणणार नाही. 'डोकं फिरलंय का' असंही म्हणणार नाही, ते म्हणायला आई आणि समीर आहेतच.

तुला ती का आवडली हे मला समजावून सांगायची गरज नाही. आमच्या दारात सासऱ्यांच्या वेळची हाय-बोनेट उभी आहे, आणि मी ती चालवते. त्या बोनेटची उंची काही शोभेची नाही, बरं का. विलीज कंपनीने १९५३ साली या मॉडेलमध्ये नवं हरिकेन इंजिन बसवलं, ते आधीच्यापेक्षा उंच निघालं, म्हणून बोनेट वर उचलावं लागलं. जुन्या जीपचं सगळं असंच असतं. जे दिसतं त्यामागे काहीतरी कारण असतं, आणि ते पाना घेऊन उघडून बघता येतं. या सुखाला मी नावं ठेवणार नाही. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जोडायला घेतल्या, तिथूनच पुढे ही हाय-बोनेट, तुझी ती ऐंशीच्या दशकातली ५४० आणि २०२० ची नवी थार आली. म्हणजे घराणं एकच आहे. तू घरातल्या घरात सून सोडून आजेसासूकडे राहायला निघाली आहेस.

पण आधी एक खरं सांग. तुला जुनी जीप हवी आहे, की थारचा वीट आलाय? पुण्यात आता प्रत्येक सिग्नलला एक काळी थार उभी असते, काच खाली, गाणी वर. त्यामुळे थारवाल्याकडे लोक आधीच मत बनवून बघतात, आणि चालवणारी बाई असली की जरा जास्तच. जुन्या जीपचं उलट होतं. पेट्रोल पंपावर कुणीतरी आजोबा काठी टेकत येतात, बोनेटवर हात फिरवतात आणि 'आमच्या साहेबांकडे होती' म्हणून सुरू होतात. ते मलाही आवडतं. फक्त त्यासाठी गाडी बदलायची का, याचा विचार कर. कारण ते आजोबा महिन्यातून एकदा भेटतात आणि क्लच रोज दाबावा लागतो.

आता तुझा आठवडा बघ. सकाळी ईराची शाळा, मग हिंजवडी, संध्याकाळी त्याच गर्दीतून परत. मधे आईचा गुडघ्याचा डॉक्टर. जुन्या ५४० ला पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही, आणि ब्रेक ड्रमचे. पाण्यातून गाडी गेली की ड्रम ओले होतात, मग पुढे जाताना ब्रेकवर हलका पाय ठेवून ते सुकवून घ्यावे लागतात. हे शिकायला सोपं आहे, पण हिंजवडीच्या पुलाखाली जुलैमध्ये पाठीमागे बस लागलेली असताना नाही. इंजिन प्यूजोचं, एक्सडीपी ४.९०, म्हणजे चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा बोर, एकूण २११२ सीसी. गुणी इंजिन आहे, पण ताकद साठ-बासष्ट घोड्यांची. तुझ्या डिझेल थारला १३० आहेत. खंबाटकीच्या चढाला ट्रकच्या मागे अडकलीस की हा फरक नीट कळेल. तिथे थार नुसतं पॅडल दाबलं की पुढे निघते. ५४० मध्ये गिअर खाली घ्यायचा, वाट बघायची आणि ट्रकचा धूर खायचा.

एका बाबतीत मात्र माझं मत पक्कं आहे, त्यावर वाद घालू नकोस. थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपचे चार तारे मिळाले, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी दोन्हीकडे. तिला दोन एअरबॅग आहेत, एबीएस आहे, तुझ्या गाडीत ईराची सीट अडकवायला आयसोफिक्स आहे. ५४० च्या मागे दोन आडवे बाक असतात, गुडघ्याला गुडघा लावून बसायचे, आणि बहुतेकींना मागे पट्टेच नसतात. पोरीला रोज तिथे बसवून शाळेत न्यायचं नाही. रविवारी शेतात नेलीस तर मी स्वतः मागे बसेन.

'पण ताई, ऑफरोडला जुनीच भारी' असं तू म्हणालीस. हे कुणी सांगितलं? जुनी जीप हलकी आहे, अरुंद आहे, झाडीतून निघते, बिघडली तर वाटेत तारेने बांधून घरी आणता येते, हे खरं. पण चिखलातून, दगडांवरून नुसतं पार व्हायचं असेल तर तुझी थार तिच्यापेक्षा जास्त करते. ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते, लो रेंज आहे, चाक हवेत राहिलं तरी दुसऱ्याला ओढ मिळायची सोय आहे. तुझ्या गिअरशेजारी तो दुसरा आखूड लिव्हर आहे ना, तो ४एल वर कधी नेलास का? मला वाटतं, नाही. मग विकायच्या आधी एकदा कुणा जाणत्याला सोबत घे, एखाद्या ओढ्यात आणि निसरड्या चढावर तिला घाल. फक्त कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून फिरू नकोस. पुढच्या-मागच्या चाकांना वळणावर वेगवेगळं अंतर कापायचं असतं, मधे ते सोडवणारा डिफरन्शियल नाही, मग सगळा ताण गिअर-शाफ्टवर येतो. हे जुन्या जीपलाही लागू आहे.

आणि देखभालीचं म्हणशील तर जुनी गाडी दारात बांधलेल्या म्हशीसारखी असते, रोज बघावं लागतं. थारला तू वर्षातून एकदा सर्व्हिस सेंटरला सोडतेस आणि संध्याकाळी धुतलेली आणतेस. ५४० ला रविवार द्यावा लागेल. पाट्यांना आणि किंगपिनला ग्रीस, ऑइलची पातळी, रेडिएटरचं पाणी, हूडच्या कुठल्या शिवणीतून पाऊस आत येतोय ते. तेलाचे दोन थेंब खाली पडणारच, आणि तुझ्या सोसायटीचे सेक्रेटरी त्या डागाचा फोटो ग्रुपवर टाकणारच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मिस्त्री. प्यूजोचा पंप उघडून परत नीट बसवणारा माणूस तुझ्या घरापासून किती लांब आहे, हे आधी शोध. तो नसेल तर गाडी कितीही चांगली असली तरी ती घ्यायची नाही, हे माझं मत आहे. हल्ली लॅपटॉप लावल्याशिवाय बोनेटकडे न बघणारी पोरं गॅरेजमध्ये असतात, त्यांचा दोष नाही, त्यांनी हे इंजिन पाहिलेलंच नसतं.

५४० डिझेल आहे हे एक बरं. आमच्या हाय-बोनेटमुळे मला पेट्रोलचा वेगळाच घोर आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, पॅकिंगं, कार्बोरेटरमधले डायफ्रॅम त्यासाठी केलेलेच नव्हते. मी सगळे पाइप बदलून घेतले, तरी उन्हाळ्यात बोनेट उघडून आधी वास घेते.

आता कागद. तू गाडीचा रंग सांगितलास, टायर सांगितलेस, कागदांबद्दल चकार शब्द नाही. पंधरा वर्षांवरची खाजगी गाडी असली की दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन पासिंग करून आरसी पुढे वाढवावी लागते, आणि महाराष्ट्रात वर पर्यावरण कर भरावा लागतो. वीस वर्षांवरच्या कारसाठी नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार झाली आहे. आपल्याकडे दिल्ली परिसरासारखी जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी नाही, पण समीरची बदली गुडगावला होणार म्हणत होतीस ना? मग ही गाडी तिकडे नेता येणार नाही, एवढं ध्यानात ठेव. 'व्हिंटेज करून टाकू' असं तो माणूस म्हणाला असेल तर हसून सोडून दे. २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेजला गाडी पन्नास वर्षांची लागते. आमची हाय-बोनेट वयाने बसते, ५४० अजून बसत नाही. आणि व्हिंटेजच्या व्हीए मालिकेचा नंबर घेतला की गाडी रोजच्या कामाला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच.

बऱ्याच ५४० सैन्याच्या लिलावातून आलेल्या असतात. त्यात वाईट काही नाही, पण मग लिलावाचे मूळ कागद आणि नंतरची नोंदणी यांचा धागा जुळला पाहिजे. इंजिन बदललेलं असेल तर आरसीवर तो नंबर चढलाय का बघ. मंडी डबवालीकडून नटवून आलेल्या जीप तर फोटोत इतक्या देखण्या दिसतात की विचारू नकोस. पण कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत आपल्या मनाने बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते स्पष्ट केलंय. उद्या अपघात झाला तर विमावाला पहिलं बोट तिथेच ठेवेल. आणि एचएसआरपी नंबरप्लेट बसवली आहे का तेही विचार, तिचा तपशील आरसीशी जुळतो की नाही त्यावरून बरंच काही कळतं.

बघायला जाशील तेव्हा अंधार पडल्यावर जाऊ नकोस, आणि पावसातही नको. ओल्या गाडीचा रंग चांगलाच दिसतो. गेल्यावर आधी बोनेटवर हात ठेव. गरम लागलं तर समज, तू यायच्या आधी त्याने ती सुरू करून ठेवली होती. तसं असेल तर सरळ चहा मागव आणि गाडी पूर्ण गार होईपर्यंत गप्पा मार. गार डिझेल इंजिनच खरं बोलतं. हीटर प्लग लाल होईपर्यंत थांबून स्टार्टर मारला की ती किती वेळात उठते, धूर पांढरा की निळा, ते बघ. मग इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल कर. आतून भकाभक वाफ आली तर पिस्टन-रिंग गेल्या आहेत.

त्यानंतर खाली वाक. सोबत एक लोहचुंबक ने, रुमालात गुंडाळून. पत्र्यावर फिरव, जिथे चिकटत नाही तिथे खाली पत्रा नाही, पुट्टी आहे. पायाखालची मॅट उचल. चासीच्या पट्टीवर, पाटे जिथे लटकवलेत त्या जागी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणक आवाज आला पाहिजे. भदभद आवाज आला तर तो गंज आहे, आणि चासीचा गंज रंगाने बरा होत नाही. चासी नंबर चिखलाखाली असतो. वायर ब्रश मारायचा, डिझेलच्या फडक्याने पुसायचं आणि वरून खडू फिरवायचा, मग खोदलेले आकडे पांढरे उठून दिसतात. आकड्यांच्या आजूबाजूला घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर तिथूनच नमस्कार करून निघायचं, किंमत कमी करून मागायचीसुद्धा नाही. शेवटी पुढचं चाक जॅकवर उचल, वरून-खालून धरून हलव. खडखडलं तर किंगपिन किंवा बेअरिंग. हीच गाडी पुढे साठच्या वेगाला खड्ड्यातून गेली की स्टिअरिंग हातात थरथरायला लागते.

आणि अदलाबदल तर मुळीच नको. हे मी पहिल्या वाक्यातच सांगायला हवं होतं, असो. अदलाबदलीत दोन्ही गाड्यांची किंमत झाकली जाते. तो वरची रोख दाखवतो, तू खूश होतेस, आणि तुझी थार बाजारात कितीला गेली असती हे कुणी बोलतच नाही. शिवाय तुझ्या थारवर बँकेचा बोजा आहे. कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ झाल्याशिवाय ती दुसऱ्याच्या नावावर जाणार नाही, आणि तोवर तुझी थार त्याच्या दारात तुझ्याच नावाने धावेल. विकायची तर वेगळी विक, घ्यायची तर वेगळी घे, २९ आणि ३० चे फॉर्म दोन्हीकडे भरून.

माझ्या मनातलं सांगू? थार ठेव. तुझी पहिली आणि एकुलती एक गाडी म्हणून ५४० घेऊ नकोस. दोन गाड्या परवडत असतील आणि आमच्या गोठ्याशेजारी ती उभी राहिली तर चालत असेल, तर घे, इथे मिस्त्रीही आहे आणि सेक्रेटरी नाही. आणि हलकी, साधी, रोज चालवता येईल अशीच हवी असेल तर एखादी शेवटच्या वर्षांतली जिप्सी बघ. १९८५ ते २०१९ एवढी वर्षं ती गाडी निघाली, ताडोबात अजून माणसं वाघ बघायला तिच्यातूनच जातात, सुटे भाग मिळतात. एअरबॅग तिलाही नाहीत, तेव्हा ईराबद्दलचं माझं म्हणणं तिथेही लागू.

फलटणच्या माणसाला अजून हो म्हणू नकोस, इसारही देऊ नकोस. आरसीच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागव आणि मला पाठव. कागद जुळले तर मी येत्या रविवारी मिस्त्रींना घेऊन परस्पर तिकडे येते, तू पुण्याहून ये. येताना चुंबक तुझ्या फ्रीजवरचा आण, आमचा पोरांनी हरवलाय.