बालकांचा लठ्ठपणा आणि आतड्यातील जिवाणू

देशातील पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ते ३.४ टक्के आढळले. कुपोषणाची चिंता मिटली नसताना ही दुसरी चिंता उभी राहिली आहे.

मोठ्या आतड्यातील असंख्य जिवाणू अन्नातील न पचलेल्या तंतूंवर जगतात. त्यातून तयार होणारी आम्ले आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात आणि तृप्तीची जाणीव देणाऱ्या संप्रेरकांना चालना देतात. या आधारे कॅनडातील कॅलगरी येथे सात ते बारा वर्षांच्या ४२ स्थूल व अतिवजनी मुलांवर प्रयोग झाला. त्यांपैकी एका गटाला १६ आठवडे रोज आठ ग्रॅम इन्युलिनयुक्त तंतू देण्यात आले. या गटातील मुलांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण घटल्याचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि, ४२ मुलांवरून उपचारपद्धती ठरत नाही. जिवाणूयुक्त पूरकांच्या चाचण्यांचे निष्कर्ष तर परस्परांशी जुळतही नाहीत. तरीही महागड्या डब्यांची जाहिरात मात्र निःशंकपणे चालते!

इन्युलिन कांद्यात व लसणात असतेच. ज्वारी-बाजरीची भाकरी आणि मोड आलेली मटकी हीही तंतूंनी युक्त आहेत. मात्र मधल्या सुट्टीत मुले फाटकाबाहेरच्या तळलेल्या पुड्यांकडे वळतात. अतिरिक्त चरबी, साखर वा मीठ असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास २०२० च्या केंद्रीय विनियमांनी मनाई केली आहे. हे अंतर मोजण्यास कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही.