दर्शनानंतरचे माहूर

माहूरला यायचे म्हणजे रेणुकामातेचे दर्शन, मग दत्तशिखर, अनसूया आणि परतीची गाडी, असा बहुतेकांचा बेत असतो. दर्शन झालेच पाहिजे. साडेतीन शक्तिपीठांतले हे पूर्ण पीठ. पण कॅमेरा घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना यजमान म्हणून आमचा आग्रह आहे की आणखी एक दिवस हाताशी ठेवा.

सकाळी आधी रामगड, म्हणजे माहूरचा किल्ला गाठा. देवीच्या डोंगराला लागूनच आहे. डोंगराच्या दोन सोंडांना तटाने कवेत घेतले आहे आणि मधल्या दरीत पाणी अडवून तलाव केला आहे. तटावरून तलाव, पलीकडची सोंड आणि मागचे सागाचे जंगल एकाच चौकटीत येते. श्रावणात तर ही चौकट सोडवत नाही. उत्तरेच्या दरवाजापाशी जरा रेंगाळा. पडके महाल, मशीद, कोठार सारे जवळजवळ आहे. तिरपे ऊन असेपर्यंतच दगडावरचे छिन्नीचे घाव फोटोत उतरतात, दुपारी सगळे सपाट दिसते.

गोंड, बहमनी, निजामशाही, मोगल असे अनेक अंमल या गडाने पाहिले. १६६१ साली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडले, तेव्हा त्या मोगली फौजेत माहूरच्या सावित्रीबाई देशमुख, म्हणजेच रायबाघन होत्या. त्यांच्याच सल्ल्याने खान शरण आला. इतक्या मोठ्या बाईचे गाव म्हणूनही माहूर पाहायला हवे, असे आम्हाला मनापासून वाटते.

ऊन चढले की खाली उतरून पांडवलेणी पाहा. बसस्थानकापासून जवळ असूनही तिकडे फारसे कोणी वळत नाही. एकाच खडकात कोरलेले जाड, भक्कम खांब, मागे गाभारा. आत अंधार असतो, म्हणून फ्लॅश न मारता आतून दाराकडे तोंड करून फोटो घ्या. खांबांच्या कडा उजेडात उठून दिसतात.

गावातले देवदेवेश्वर हे महानुभाव पंथीयांचे मोठे स्थान. पावसाळ्यात आलात तर वझरा शेख फरीदचा धबधबाही चुकवू नका. पैनगंगा ओलांडली की विदर्भ सुरू होतो. संध्याकाळी नदीकाठी थांबा.

नवरात्रात आणि दत्तजयंतीला गर्दीमुळे वास्तूंचे फोटो जमत नाहीत. त्या वेळी माणसांचे घ्या, विचारून घ्या. मंदिरांत फोटोबाबत तिथल्या सेवेकऱ्यांचे ऐका. ढासळत्या तटावर चढू नका.

आणि एक विनंती. नक्षीचा किंवा कमानीचा जवळून फोटो घ्याल तेव्हा त्याच भिंतीचा एक पूर्ण फोटोही घ्या आणि त्यावर जागा व तारीख लिहून ठेवा. दर पावसाळ्यात इथला एखादा दगड निखळतो. डागडुजी करणाऱ्याला उद्या तोच फोटो उपयोगी पडेल.