आजोबांची एम-८०

मुलांनो, तुमच्या घराच्या पडवीत किंवा जिन्याखाली एखादी जुनी, बंद पडलेली दुचाकी आहे का? असेल, तर तिला भंगारात देण्यापूर्वी ही हकिकत वाचा.

मालवणला आमच्या पडवीत आजोबांची एम-८० गाडी अनेक वर्षे उभी होती. बजाज ऑटो कंपनीने ही छोटी गाडी १९८६ साली बाजारात आणली. तिचे इंजिन सुमारे ७५ घनसेंटिमीटरचे होते. म्हणजे दट्ट्या सिलिंडरमध्ये एकदा सरकताना चहाच्या लहान कपाएवढी जागा व्यापतो. एवढ्याशा इंजिनावर आजोबांनी संसार चालवला. पहाटे बंदरावर ते मासळी घेत, टोपली मागे घट्ट बांधत आणि कसालच्या रस्त्याला लागत. पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले. गाडी थांबली ती थांबलीच.

एके दिवशी भंगारवाला आला. त्याने वजनावर भाव सांगितला. "देऊन टाकू या," मी म्हणालो. आजोबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी पंचाने गाडीची पाटी पुसली. 'एम.एच. ०७' ही सिंधुदुर्ग जिल्ह्याची खूण धुळीतून वर आली. ते पाहून काका म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत प्रयत्न करू. नाहीच जमले, तर भंगारवाला आहेच."

सुट्टीच्या पहिल्या दिवशी मी पाना मागितला. काकांनी माझ्या हातात वही दिली! "आधी चित्र काढ. कोणता भाग कुठे आहे, ते लिही. मग उघडू." प्रत्येक भागाचे स्क्रू आम्ही वेगळ्या डबीत ठेवले आणि डबीवर चिठ्ठी लावली. तुम्हीही हे विसरू नका. गाडी उघडणे सोपे असते. पुन्हा जोडताना वहीच कामाला येते.

गाडीवर सगळीकडे गंज चढला होता. लोखंडाला हवा आणि पाणी मिळाले की ते गंजते. खारट ओलाव्यात ते अधिक लवकर गंजते. आमच्या किनाऱ्यावर समुद्राचा वारा बारा महिने आणि पाऊस चार महिने! समोर सिंधुदुर्ग किल्ला पाण्यात उभा आहे. १६६४ साली त्याचे बांधकाम सुरू झाले, तेव्हा पायात शिसे ओतले होते. शिसे लोखंडासारखे गंजत नाही. आमची गाडी मात्र लोखंडाची!

इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात : पेट्रोल व हवा यांचे मिश्रण, त्यावर पडणारा दाब आणि वेळेवर पडणारी ठिणगी. यांतले काय नाही, तेच आधी शोधायचे.

किक दाबली, तर ती हलेना. दट्ट्या आत अडकला होता. मी किकवर उभा राहणार, तोच काकांनी मला खाली ओढले. "जोर केलास तर आतले काहीतरी मोडेल." त्यांनी प्लग काढून त्या भोकातून थोडे पातळ तेल सोडले. रोज किक हलक्या हाताने दाबून पाहायची आणि सोडून द्यायची. चौथ्या दिवशी ती बोटभर हलली.

टाकीच्या आतही गंज होता. आमच्याकडे तांब्या-पितळेची भांडी आमसुलाने घासतात, कारण आंबट पदार्थ डाग विरघळवतो. तोच गुण गंजावर चालतो. टाकी रिकामी करून, मोकळ्या हवेत चांगली धुऊन आम्ही तिच्यात लिंबूसत्त्वाचे पाणी एक रात्र भरून ठेवले. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती धुतली, पूर्ण वाळवली आणि आतून तेलाचा हात फिरवला. तसे केले नसते, तर ती लगेच पुन्हा गंजली असती.

आता माझी चूक सांगतो. कार्बोरेटरमधील जेट म्हणजे सुईच्या टोकाएवढे छिद्र. जुने पेट्रोल सुकून ते बुजले होते. काका बाहेर गेलेले पाहून मी त्यात तार घातली. तेवढ्यात पडवीतून आजोबा म्हणाले, "तार नको रे! भोक मोठे झाले, तर पेट्रोल जास्त जाईल." मी तार काढली. जेट पेट्रोलमध्ये भिजवून, हवा मारून साफ केले. इतके दिवस गप्प बसलेले आजोबा त्या दिवसापासून आमच्या शेजारी येऊन बसू लागले.

सर्व काही वाचले नाही. मागचा मडगार्ड आरपार खाल्ला गेला होता. टायर, ब्रेकच्या तारा आणि प्लग नवे घ्यावे लागले. खर्च भंगाराच्या भावापेक्षा कितीतरी जास्त झाला. तो मी वहीत लिहिला. वही आजोबांना दाखवली. "होतला," एवढेच ते म्हणाले. मालवणी बोलीत 'होतला' म्हणजे 'होईल'.

हे इंजिन दोन धावांचे आहे. त्याच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. अशा अनेक जुन्या गाड्यांना एक लिटर पेट्रोलमागे २० मिलिलिटर तेल लागे. ते तेलही जळते, म्हणून धूर जास्त होतो. प्रदूषणाचे नियम कडक झाले, तशा या गाड्या मागे पडल्या.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी आम्ही गाडी अंगणात आणली. बंद खोलीत इंजिन कधीही सुरू करू नये. त्याच्या धुरात विषारी वायू असतो. काकांनी किक मारली. एकदा, दोनदा, दहादा. काहीच नाही. मी प्लग काढला, पुसला, पुन्हा बसवला. पुढच्या किकला पांढरा धूर आला आणि इंजिन फटफटू लागले. मी आनंदाने उडी मारली. आजोबा मात्र कान देऊन ऐकत होते. "अजून आवाज सैल आहे," ते म्हणाले, "पण आहे आपलीच."

गाडी लगेच रस्त्यावर नेली नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर गाडी तपासून ती दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. विमा आणि प्रदूषण तपासणीही हवी. मला तर परवान्याचे वय होईपर्यंत थांबायचे आहे.

मुलांनो, असे काम मोठ्या माणसाबरोबरच करा. पेट्रोलजवळ दिवा किंवा काडी नेऊ नका. काढलेले तेल विहिरीत किंवा खाडीत ओतू नका. ते गॅरेजमध्ये द्या. आणि घरातील म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा. वहीत नसलेले बरेच काही त्यांना ठाऊक असते.

शब्दार्थ
पडवी – घराला लागून असलेली छपराची जागा
दट्ट्या – सिलिंडरमध्ये वर-खाली होणारा भाग, पिस्टन
पंचा – अंग पुसण्याचे आखूड वस्त्र
आमसूल – वाळवलेले कोकम

स्वाध्याय
१. इंजिन चालायला कोणत्या तीन गोष्टी लागतात?
२. कारणे लिहा : (अ) काकांनी आधी वही दिली. (आ) टाकीला आतून तेलाचा हात फिरवला.
३. खर्च जास्त होऊनही गाडी दुरुस्त केली. हे योग्य झाले का? तुमचे मत पाच ओळींत लिहा.