इंजिन बंद केल्यावर काय होतं ते पाहा

छोट्या जनरेटरला घरच्या घरी वेगळी टाकी किंवा गॅसची नळी जोडली आणि इंजिन सुरू झालं, की जोडणाऱ्याला वाटतं, जमलं. जोडणीची खरी परीक्षा मात्र इंजिन थांबल्यावर होते.

२००५ नंतरची भारनियमनाची वर्षं कल्याण-डोंबिवलीकरांना आठवत असतील. रेल्वेला वीज पुरवणारं आमच्या ठाकुर्लीतलं चोळा पॉवर हाऊस तोवर केव्हाच थंडावलं होतं. संध्याकाळी वीज गेली की दुकानांच्या पायऱ्यांवर छोटे पेट्रोल जनरेटर धडधडायला लागत. माझ्या शिकवणीच्या खोलीबाहेरही एक होता.

त्याची टाकी लहान, म्हणून पेट्रोलचा कॅन वरच्या फळीवर ठेवून नळी थेट कार्बोरेटरला जोडली. इंजिन छान चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात पेट्रोलचा वास कोंडला होता आणि डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर चढलेलं होतं. कारण साधं आहे. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल भरलं की फ्लोट वर येतो आणि नीडल दाबून वाट बंद करतो. तो बेतलेला असतो वीतभर उंचीच्या टाकीसाठी. कॅन डोक्याइतक्या उंचीवर गेला की दाब कित्येक पटींनी वाढतो, नीडल तो पेलू शकत नाही. मग पेट्रोल रात्रभर झिरपतं, थोडं जमिनीवर, थोडं सिलिंडरमधून ऑइलमध्ये. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. आपल्याकडच्या उकाड्यात तिला एक ठिणगी पुरते.

पुढे एका ओळखीच्या कारागिराने स्वयंपाकाच्या गॅसवर इंजिन चालवून दाखवलं. रेग्युलेटरची नळी एअर फिल्टरपाशी सोडायची, मधे एक छोटी तोटी. आवाज मऊ, धूर जवळजवळ नाही. मोह पडावा असंच ते होतं. मग पंख्यांचा भार टाकला, इंजिन गचके खाऊन थांबलं, आणि त्या शांततेत फिल्टरमधून बारीक सुस्कारा ऐकू येत राहिला. घरगुती रेग्युलेटर गॅस ठरावीक दाबाने बाहेर ढकलतच राहतो, समोर शेगडी आहे की बंद पडलेलं इंजिन हे त्याला कळत नाही. कारखान्यात बनलेल्या गॅसच्या इंजिनात वेगळा रेग्युलेटर असतो. त्यातला पडदा इंजिनाच्या ओढीवर उघडतो आणि ओढ थांबली की आपोआप मिटतो. सगळी सुरक्षितता त्या पडद्यात आहे, आणि घरच्या जोडणीत नेमका तोच नसतो.

हा गॅस हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत पसरतो, जिना उतरून खालच्या घरात जातो. हवेत २ टक्क्यांच्या आसपास मिसळला तरी पेटतो. खाली कुणी देवापुढे निरांजन लावलेलं असू शकतं. आपल्या प्रयोगाची किंमत शेजाऱ्याने मोजावी, हे मला कुठल्याच बचतीसाठी मान्य नाही. शिवाय घरगुती सिलिंडर असा वापरणं बेकायदा आहे.

म्हणून सांगतो, टाकी, नळी आणि कार्बोरेटर यांच्यात काहीही घुसवू नका. जास्त वेळ वीज हवी असेल तर मोठ्या टाकीचा जनरेटर किंवा इन्व्हर्टर घ्या. गॅसवरच चालवायचा असेल तर मुळात गॅससाठी बनवलेला घ्या. पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि गार हवं. थांबवल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करण्याची सवय लावा. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर ते पेट्रोल आहे असं समजा, ऑइल बदलल्याशिवाय दोरी ओढू नका. जनरेटर गॅलरीत किंवा जिन्यात कधीच नको, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या यंत्रांची रबरी नळी त्याने फुगते, चिरते. ती बदलताना पाण्याची पारदर्शक नळी लावू नका, इंधनाचीच मागून घ्या.

आणि कुणाच्या घरी अशी गॅसची जोडणी आजही असेल, तर इंजिन बंद असताना सिलिंडरचा कॉक फिरवून बंद करा, मग नळी काढा. गॅसचा वास येत असेल तर विजेचं कुठलंही बटण दाबू नका, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. दारं-खिडक्या उघडा, खालच्या मजल्यावरच्यांना हाक मारून बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावर १९०६ ला फोन लावा.