स्थानक आणि बाजार

रेल्वे स्थानक म्हणजे केवळ गाडी पकडण्याची जागा, अशी आपली समजूत असते. नवी मुंबई वसविताना सिडकोने निराळा विचार केला. लोहमार्गाच्या खर्चाचा मोठा वाटा तिने उचलला आणि स्थानकांच्या इमारतींतच दुकाने व कार्यालये यांना जागा दिली. 1992 साली लोकल पोहोचलेले वाशी हे याचे ठळक उदाहरण.

आता अमृत भारत योजनेत आपल्या तालुक्याच्या सेलू स्थानकाचीही निवड झाली आहे. मात्र वाशीचा साचा येथे जसाच्या तसा चालणार नाही. तेथे दिवसभर लोकल धावतात. येथे गाडी गेली की गिऱ्हाईक संपते. म्हणून दुकानांची तोंडे फलाटाकडे नव्हे, गावाकडे हवीत. भाडेही बचत गटांना झेपेल असे हवे. 2022 साली सुरू झालेल्या 'एक स्थानक एक उत्पादन' योजनेत स्थानिक कारागिरांना अल्प शुल्कात, पाळीपाळीने जागा मिळते. हीच पद्धत येथे उपयोगी पडेल. नाहीतर इमारत नवी होईल आणि टोपली घेऊन बसणारी बाई तेवढी बाहेर जाईल.

वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी श्रमदानाने स्वच्छ केली. सेलूला उतरणाऱ्यास तिची वाट दाखविणारा फलकही स्थानकात असावा. त्याला खर्च फारसा नाही.