केतकीस: एकाच लॉगिनविषयी

चि. केतकी हिस,


परवा फोनवर म्हणालीस, मॅटरमोस्ट या मेसेजिंग अॅपला एन्ट्रा आयडी या मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन सेवेशी जोडायचं काम तुझ्याकडे आलंय आणि व्हिडिओ बघून ते दोन तासांत उरकेल. उरकेल, त्यात शंका नाही. एन्ट्रात अॅप नोंदवायचं, मेटाडेटाची लिंक इकडे आणायची, सर्टिफिकेट चढवायचं, नाव-आडनाव-ईमेल जुळवायचे, बटण दाबलं की माणूस आत. वरिष्ठ खूश, तूही खूश. तरी हे लांबलचक पत्र लिहितेय, कारण पुढचं व्हिडिओत कुणी सांगत नाही. माणूस आत कसा येईल याचा तू जेवढा विचार केला असशील, त्याच्या दुप्पट विचार तो बाहेर कसा जाईल याचा कर.

आधी आत काय घडतं ते पक्कं समजून घे. या व्यवस्थेत मॅटरमोस्ट कुणाचाच पासवर्ड बघत नाही. ब्राउझर एन्ट्राकडे जातो, पासवर्ड आणि मोबाइलवरची खात्री तिथेच होते, आणि एन्ट्रा सही केलेला एक एक्सएमएल मजकूर ब्राउझरच्या हाती देऊन परत पाठवतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखंच आहे हे. कॉलेज शाळेला फोन करत बसत नाही. सही-शिक्का, तारीख आणि नाव बघून प्रवेश देतं. मॅटरमोस्टही तेवढंच बघतं: सही एन्ट्राचीच आहे ना, मजकूर माझ्यासाठीच आहे ना, वेळ टळून तर गेली नाही ना. ही वेळेची मुदत थोडकीच असते, म्हणून सर्व्हरचं घड्याळ एनटीपीवर बांधून ठेव. घड्याळ दहा मिनिटं मागे पडलं की बरोबर पासवर्ड टाकणारी माणसंही बाहेर राहतात, आणि पडद्यावर जो संदेश येतो त्यातून कुणाला काही उमगत नाही.

या दाखल्याच्या पद्धतीचं नाव सॅमल २.०. मार्च २००५ मध्ये ओएसिस या संस्थेने ते मानक म्हणून मंजूर केलं. इतकं जुनं आहे म्हणूनच सगळीकडे चालतं, पण जुनं म्हणजे निर्धोक असं धरून चालू नकोस. डिसेंबर २०२० मध्ये गो भाषेच्या एक्सएमएल वाचणाऱ्या भागातल्या त्रुटी जाहीर झाल्या. त्या वापरून सॅमलची सही चकवता येण्याजोगी होती, आणि त्या शोधल्या होत्या मॅटरमोस्टच्याच सुरक्षा विभागाने. तेव्हा सर्व्हरचे अपडेट ‘नंतर बघू’ म्हणून ठेवू नकोस. आणि काहीही झालं तरी ‘व्हेरिफाय सिग्नेचर’ बंद करायचं नाही. लॉगिन अडलं की कुणीतरी शहाणा तेच सुचवतो, लॉगिन चालूही होतं, आणि मग तपासण्यासारखं काहीच उरत नाही.

आता मुख्य मुद्दा. माणूस ओळखायचा कशावरून? मॅटरमोस्टमध्ये ‘आयडी अॅट्रिब्यूट’ नावाची एक जागा आहे. ती ऐच्छिक आहे, म्हणून बहुतेक जण रिकामी सोडतात. रिकामी सोडली की ओळख ईमेलवर बांधली जाते. आपल्याकडे ईमेल बनतो नाव आणि आडनावातून, आणि आपल्या मुलींची आडनावं लग्नानंतर बदलतात. अकाउंट्समधल्या एखादीचं लग्न होतं, एचआर नव्या आडनावाचा ईमेल देतं, आणि सोमवारी ती लॉगिन करते तर समोर कोरं खातं. जुनी चॅनेल नाहीत, जुने मेसेज नाहीत. याच्या उलटं घडलं तर जास्त वाईट. एक एस. पाटील कंपनी सोडून जातो, वर्षभराने दुसरा एस. पाटील रुजू होतो, त्याला तोच ईमेल मिळतो, आणि पहिल्याच दिवशी तो आधीच्या पाटलाच्या खासगी गप्पांत जाऊन बसतो. तुमच्या नाशिकच्या कारखान्यात पाटील किती असतील ते मी तुला सांगायला नको!

तेव्हा त्या जागी पगारपत्रकावरचा कर्मचारी क्रमांक घाल. तो लग्नाने बदलत नाही, बदलीने बदलत नाही. फक्त एचआरकडून लेखी घे की सोडून गेलेल्याचा क्रमांक पुन्हा कुणाला दिला जाणार नाही. हे पहिल्या दिवशीच कर. तीनशे खाती ईमेलवर बांधून झाल्यावर ती सोडवत बसणं फार कष्टाचं काम आहे.

मग राजीनाम्याचा दिवस. एन्ट्रात खातं बंद केलं की माणूस बाहेर, अशी सगळ्यांची समजूत असते. पण तो दाखला फक्त लॉगिनच्या क्षणी तपासला जातो. एकदा आत आल्यावर मॅटरमोस्ट स्वतःचं सेशन देतं आणि ते सेशन संपेपर्यंत एन्ट्राला काही विचारत नाही. या सेशनची मूळ मुदत सातशे वीस तास आहे, म्हणजे पुरा महिना. त्यात वापर चालू असला की मुदत आपोआप वाढवणारी एक सोय आहे. म्हणजे रोज सकाळी फोनवर अॅप उघडणाऱ्याला पुन्हा लॉगिन मागितलंच जात नाही. मी ज्या एका कंपनीत काम करत होते, तिथल्या खरेदी विभागातला माणूस प्रतिस्पर्ध्याकडे गेला. रिलीव्हिंग लेटर झालं, लॅपटॉप जमा झाला, खातं बंद झालं. आणि पुढचे कित्येक दिवस त्याच्या खिशातल्या फोनवर आमच्या दरांची चर्चा वाजत राहिली. त्याने ती वाचली की नाही, कधी कळलं नाही. कळणार तरी कसं?

यावर उपाय आहे. तुमच्या सर्व्हर रूममध्ये अॅक्टिव्ह डिरेक्टरी आहेच. मॅटरमोस्टमध्ये सॅमलची खाती एलडॅपमार्फत तिच्याशी जुळती ठेवायची सोय चालू कर. मूळ सेटिंगला ही जुळणी दर तासाला होते. तिकडे खातं बंद झालं की पुढच्या जुळणीत मॅटरमोस्टचं खातं निष्क्रिय होतं आणि सेशनही तुटतं. दोन गोष्टी बघ: आयडी दोन्हीकडे तोच हवा, म्हणजे पुन्हा कर्मचारी क्रमांक, आणि एलडॅपच्या युजर फिल्टरमध्ये बंद केलेली खाती वगळणारी अट हवी. ती अट राहिली की जुळणी इमानदारीत चालू राहते आणि काहीच बंद करत नाही. जोडीला मोबाइलची मुदतही कमी कर. लोक कुरकुरतील, कुरकुरू दे. चोरलेल्या सेशनला बाजारात किंमत असते. २०२१ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीत शिरलेल्यांनी मदरबोर्ड या बातम्यांच्या संकेतस्थळाला सांगितलं होतं की स्लॅकमध्ये शिरायला लागलेल्या कुकीज त्यांनी दहा डॉलरला विकत घेतल्या.

बाहेरून मेसेज टाकणारे वेबहुकही विसरू नकोस. त्यांच्या यूआरएलला कुणी लॉगिन विचारत नाही. कुणी, कशासाठी बनवले याची एक वही ठेव.

शॉप फ्लोअरवरच्या कॉम्प्युटरकडे मात्र स्वतः जाऊन उभी राहा, शिफ्ट बदलताना. तिथे एकाच मशीनवर तीन पाळ्यांचे सुपरवायझर बसतात. पहिल्या पाळीचा माणूस मॅटरमोस्टमधून लॉगआउट करतो आणि निर्धास्त घरी जातो. पण ब्राउझरमध्ये त्याचं एन्ट्राचं लॉगिन अजून जिवंत असतं. दुसऱ्या पाळीचा येऊन लॉगिनचं बटण दाबतो आणि पासवर्ड न विचारता पहिल्याच्या नावाने आत जातो. मग कुणीतरी कुणाच्या तरी नावाने ‘मशीन चालू करा’ लिहून बसतो, आणि चौकशी होते त्या बिचाऱ्याची जो घरी झोपला होता. तिथे प्रत्येकाला वेगळं विंडोज लॉगिन दे, नाहीतर ब्राउझर बंद होताच सगळं पुसलं जाईल असं ठेव. ‘शिफ्ट सुपरवायझर’ नावाचं सामाईक खातं कुणी मागेल, देऊ नकोस. चूक कुणाची हे ठरवायची वेळ येते तेव्हा नेहमी गरीब माणूसच अडकतो.

आणि एन्ट्राच बंद पडलं तर? १५ मार्च २०२१ ला तसं झालं. एन्ट्राचं नाव तेव्हा अॅझ्युर एडी होतं. सही करायच्या जुन्या किल्ल्या काढून टाकणाऱ्या यंत्रणेत दोष होता. एक किल्ली राखून ठेवा अशी खूण केलेली असताना तिने ती काढून टाकली, आणि जगभर टीम्ससकट कितीतरी सेवांची लॉगिनं अडली. असं झालं की लोक आधी मेसेजिंग अॅपवर धावतात, आणि तुमचं अॅप त्याच लॉगिनच्या मागे. म्हणून सर्व्हरवर एमएमसीटीएल या मॅटरमोस्टच्या कमांड साधनाचा लोकल मोड चालू ठेव. सर्व्हरवर बसलेल्या माणसाला त्यातून लॉगिनशिवाय कारभार करता येतो. तो कसा वापरायचा ते कागदावर छापून सर्व्हर रूममध्ये लाव, आणि तुझ्याशिवाय आणखी एकाला शिकव. मेंटेनन्सच्या प्रमुखाचा फोन नंबरही त्याच कागदावर असू दे.

सर्टिफिकेटची तारीखही तिथेच लिही. एन्ट्राचं सॅमल सर्टिफिकेट सहसा तीन वर्षांनी संपतं. तोवर तू कदाचित दुसऱ्या नोकरीत असशील, आणि सूचनेचा ईमेल तुझ्याच बंद पेटीत जाऊन पडेल. सूचना एखाद्या गटाच्या पत्त्यावर जाऊ दे.

एक पासवर्ड सगळं उघडत असेल तर मोबाइलवरची दुसरी खात्री प्रत्येकाला सक्तीची हवी, डायरेक्टरसाहेबांनाही. यात सवलत मागायला सगळ्यात आधी तेच येतील, तेव्हा लेखी नियम आधी करून घे.

आता माझं एक काम कर. चालू करायच्या आदल्या शनिवारी एक खोटा कर्मचारी बनव. त्याचं आडनाव बदल, ईमेल बदल, मग त्याला राजीनामा द्यायला लाव आणि त्याचा फोन हातात घेऊन बस. किती मिनिटांनी तो बाहेर पडतो ते मला कळव. तासाच्या वर गेलं तर सोमवारी चालू करू नकोस, कुणी कितीही घाई केली तरी.

दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या