गिटारची हलती घोडी

विद्युत् गिटारच्या तारा ज्या धातूच्या पट्टीवर टेकतात, ती म्हणजे आपल्या सतारीची किंवा तंबोऱ्याची घोडीच होय. भेद इतकाच की, सतारीची घोडी जागची हलू नये म्हणून वाजविणारा जपतो, आणि गिटारच्या एका प्रसिद्ध प्रकारात ती हलावी अशीच योजना केलेली असते. तिला जोडलेली दांडी दाबली की स्वर खाली घसरतो व सोडली की पूर्वपदावर येतो. निदान यावा, अशी अपेक्षा असते.

गतवर्षी आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील या घोडीविषयीच विचारावयास आले. दांडी एकदा दाबली की मुलाची गिटार बेसूर होई. नवी, भारी घोडी आणावी असा मुलाचा हट्ट. घेऊन वर्ष न झालेल्या वाद्यावर पुन्हा खर्च कशाला, असे वडिलांचे म्हणणे. "सर, आम्हा दोघांत खरे कोणाचे ते तुम्हीच सांगा," असे म्हणून त्यांनी गिटार आमच्यापुढे ठेवली. या बाबतीत आम्ही स्वतः एकदा ठेच खाल्लेली असल्यामुळे उत्तर देण्याची घाई केली नाही.

ही योजना कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांच्या कारखान्यात सिद्ध झाली व १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर या गिटारबरोबर बाजारात आली. स्वतः फेंडर यांना गिटार वाजविता येत नसे, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटते. तिला त्यांनी ट्रेमोलो हे नाव दिले, ते मात्र चुकीचे. ट्रेमोलो म्हणजे आवाजाचे लहानमोठे होणे. स्वराच्या खालीवर होण्यास व्हायब्रॅटो म्हणतात. परंतु चुकलेले नावच रूढ झाले.

हिची रचना विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहण्याजोगी आहे. पट्टीच्या पुढील कडेस सहा स्क्रू असतात. तो तरफेचा टेकू. पट्टीखालचा जाड ठोकळा लाकडातील खाचेतून पाठीकडे उतरतो व त्यास तीन ते पाच स्प्रिंगा ओढून धरतात. एकीकडून सहा तारांची मिळून सुमारे ४५ किलोग्रॅमची ओढ, दुसरीकडून स्प्रिंगांची. या दोहोंच्या तोलावर घोडी उभी असते. तारेची स्पंदनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. सबब स्वर अर्ध्या स्वराने उतरावयास ताण सुमारे ११ टक्के कमी व्हावा लागतो. पण घोडी परत येताना एक टक्क्याचा फरक राहिला तरी तो तयार कानास खुपतो. एवढ्या थोड्यावर सारे अवलंबून असल्यामुळे कोठेही घर्षण झाले की वाद्य बिघडते.

आता आमची ठेच. काही वर्षांपूर्वी आमच्या स्वस्त गिटारसाठी आम्ही मापे न घेता एक उत्तम घोडी टपालाने मागविली. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅटोकास्टरवर पहिल्या व सहाव्या स्क्रूंमधील अंतर सुमारे ५६.४ मिलिमीटर असते. कित्येक स्वस्त गिटारांवर ते ५२.५ असते, व आमची त्यांपैकीच निघाली. शिवाय गिटारचे लाकूड पातळ, त्यामुळे नवा ठोकळा पाठीकडून बाहेर डोकावू लागला. नवी छिद्रे पाडण्याचा मोह झाला होता. पण दोन मिलिमीटरांवर पाडलेले छिद्र जुन्यात मिसळते आणि लाकडाची पकड कायमची जाते. ती घोडी अद्याप आमच्या टेबलाच्या खणात आहे.

म्हणून त्या मुलाला आम्ही प्रथम दांडी दाबून सोडावयास सांगितले व एकेक तार ऐकली. सर्व तारा सारख्याच चुकल्या असत्या, तर दोष टेकूपाशी. येथे दोनच तारा चढ्या राहिल्या होत्या. याचा अर्थ त्या मानेच्या टोकावरील पट्टीच्या, म्हणजे नटच्या, खाचांत अडकत होत्या. खुंटी पिळताना तेथून 'टक्' असा आवाजही येत होता. खाचा काचकागदाच्या घडीने हलकेच गुळगुळीत करून त्यांत पेन्सिलीचे शिसे घासले, तेव्हा तीनचतुर्थांश रोग गेला.

मुलाचे म्हणणे मात्र अगदीच पोकळ नव्हते. ठोकळा नरम मिश्रधातूचा असून दांडीचे आटे झिजले होते व दांडी खुळखुळत होती. संपूर्ण घोडी न बदलता मापाचा पोलादी ठोकळा तेवढा बसवावा, असे ठरले. पोलादाने नाद सुधारतो असे पुष्कळ वादक सांगतात. आमच्या कानास फरक थोडाच जाणवला, पण आटे टिकतात हे निश्चित. फ्लॉइड रोझ यांची, १९७९ साली पेटंट मिळालेली, तारा दोन्ही टोकांस जखडणारी घोडी फार विश्वासू खरी. तथापि तिच्यासाठी बहुधा लाकूड कोरावे लागते. शिकाऊ मुलाच्या वाद्यावर ते साहस आम्ही करू देणार नाही.

काम करताना तारा आधी सैल कराव्यात, मग स्प्रिंगा काढाव्यात. स्प्रिंगा ज्या पट्टीस अडकतात तिला डाख दिलेली एक तार असते. ती तुटली तर ध्वनिवर्धकातून गुणगुण सुरू होते. सहा स्क्रू घट्ट आवळू नयेत, घोडी मोकळी डुलली पाहिजे. तारा स्वरात आणल्यावर पट्टीची मागील कड लाकडापासून सुमारे ३ मिलिमीटर वर राहील इतपत स्प्रिंगा ओढाव्यात. एकीकडे केले की दुसरीकडे बिघडते, म्हणून हे चारपाच वेळा करावे लागते व येथेच मुले कंटाळतात. सरतेशेवटी बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर त्याच जागेच्या मोकळ्या अनुनादाशी ताडून प्रत्येक तारेची बैठक मागेपुढे सरकवावी.

चौथ्या दिवशी वडील व मुलगा दोघेही आले. मुलाने दांडी पुरती दाबून सोडली. पाच तारा बरोबर परतल्या. तिसरी किंचित् चढी राहिली. वडिलांनी आमच्याकडे पाहिले, आणि मुलाने न सांगता खिशातून पेन्सिल काढली.